नाळेतून चढायची सवय बर्फात सोडावी लागते

प्रश्न चिपळूण आणि महाडकडच्या आठ जणांच्या गटाचा आहे. सगळे भर पावसातही घाटवाटा करणारे. येत्या फेब्रुवारीत मनालीच्या वर आठवडाभर, कुठल्याही कंपनीच्या पॅकेजशिवाय, स्वतःचे तंबू आणि स्नोशूज घेऊन फिरायचं म्हणतायत. विचारलंय ते तीन गोष्टींबद्दल: हिमस्खलन होईल असा उतार ओळखायचा कसा, बीकन (बर्फात गाडलेल्याला शोधायचं, सिग्नल पाठवणारं आणि पकडणारं यंत्र) वगैरे सामान खरंच लागतं का, आणि बर्फाचा पत्ता नसलेल्या कोकणात सराव करायचा तरी कुठे.

सह्याद्रीत तयार झालेली नजर बर्फात निम्मी उपयोगी पडते आणि निम्मी दगा देते. कोणती निम्मी, ते आधी समजून घ्या. पुस्तकी माहिती नंतरही मिळेल.

पहिला दगा नाळेचा. कोकणातून देशावर चढायचं तर कडा जिथे फाटलाय तिथूनच वाट असते. बोराट्याची नाळ घ्या, सिंगापूरची घ्या, पाय आपोआप नाळेकडे वळतात, कारण दोन्ही बाजूंच्या कड्यांमधून वर जायची तेवढीच एक सोय असते. बर्फात हाच आकार सगळ्यात वाईट. वरच्या उतारांवर साठलेला बर्फ सुटला की त्याला खाली यायला नाळच सापडते. शिवाय ती अरुंद असल्यामुळे थोडा बर्फही खोल साचतो. मोकळ्या पसरट उतारावर जो लोट तुम्हाला गुडघाभर गाडून थांबला असता, तोच नाळेच्या तळाशी दोन-तीन मीटरचा ढिगारा करतो. ओढ्याचं पात्र, रस्त्याची आतली कड, उताराच्या पायथ्याचा खड्डा, कड्याच्या तोंडाशी संपणारा उतार, या सगळ्या जागांना हाच नियम. लहान स्खलनसुद्धा तिथे जीव घेतं.

म्हणून बर्फात वाट सोंडेवरून, म्हणजे डोंगराच्या खाली उतरत आलेल्या धारेवरून काढायची. वारा सोंडेवरचा बर्फ उडवून नेतो, त्यामुळे तिथे थर पातळ असतो आणि डोक्यावर काही लटकत नसतं. एक काळजी मात्र घ्यायची: वारा ज्या बाजूला वाहत जातो त्या बाजूला धारेच्या बाहेर बर्फाचं छज्जं तयार होतं, त्याला कॉर्निस म्हणतात. ते तुटताना कडेला तुटत नाही, आपल्याला वाटतं त्यापेक्षा बरंच आत, धारेच्या माथ्यापर्यंत तुटू शकतं. तेव्हा धारेच्या टोकावरून चालायचं नाही. वारा येतो त्या बाजूने, खडक दिसत असतील तिथून चाला.

दुसरा दगा उताराच्या भीतीचा. आपण उभ्या कड्याला घाबरतो आणि मधल्या चढाला हसत जातो. बर्फात गंमत अशी की फार उभ्या, पन्नास-पंचावन्न अंशांच्या पुढच्या उतारावर बर्फ टिकतच नाही, पडता पडताच थोडा थोडा घसरून जातो. मोठे थर साठतात आणि सुटतात ते ३० ते ४५ अंशांच्या उतारावर, आणि त्यातही सर्वांत जास्त ३८ अंशांच्या आसपास. माणसाला चढायला मजा येते, फोटो छान येतो, तो हाच उतार. डोळ्याने अंदाज करू नका, खालून पाहताना चूक होतेच. फोनमध्ये कोन मोजायचं अ‍ॅप असतं, ते काठीवर ठेवून मोजा. फोन थंडीत मेला तर दोन सारख्या लांबीच्या ट्रेकिंग काठ्या पुरतात. एक काठी उताराच्या दिशेने बर्फावर दाबून तिचा ठसा उमटवा, टोक वर आणि मूठ खाली. आता टोक जागेवरच ठेवून मूठ उचला आणि दुसरी काठी त्या मुठीला धरून सरळ लोंबकळू द्या. पहिलीची मूठ हळूहळू वर-खाली करत दुसरीचं टोक बर्फाला जेमतेम टेकवा. ते ठशाच्या खालच्या टोकावरच टेकलं तर उतार ३० अंशांचा. त्याच्याही खाली टेकलं तर ३०पेक्षा तीव्र. हे दापोलीच्या कुठल्याही टेकाडावर करून बघता येतं.

तुम्ही उभे आहात तो उतार सौम्य आहे, एवढ्याने काम भागत नाही. डोक्यावर ३५चा उतार जोडलेला असेल तर सपाटीवर चालणाऱ्याच्या वजनानेही तो वरून सुटू शकतो. आणि सुटलेला बर्फ पायथ्याशी थांबत नाही, सपाटीवर बराच पसरतो. बद्रीनाथजवळ माणा इथे २८ फेब्रुवारी २०२५ रोजी हिमस्खलन आलं ते रस्त्याचं काम करणाऱ्या मजुरांच्या मुक्कामावर. ५४ जण अडकले, त्यातले ८ गेले. ते कुठल्या शिखरावर चढत नव्हते. तंबूची जागा ठरवताना म्हणून आधी वर बघायचं, पाणी किती जवळ आहे हे नंतर. जंगलात झाडं सलग असतील तर बरं. पण जंगलाच्या मधूनच उभा, झाडं नसलेला पट्टा खाली आलेला दिसला, त्याच्या कडेच्या झाडांच्या वरच्या अंगाच्या फांद्या मोडलेल्या असल्या किंवा सगळी रोपं एकाच वयाची, वाकलेली दिसली, तर तो स्खलनाचा जुना मार्ग. तिथे थांबायचंही नाही, जेवायलासुद्धा.

तिसरा दगा सर्वांत वाईट, कारण तो उघड्या आकाशाचा आहे. दरडीच्या बाबतीत आपली शिकवण अशी की पाऊस कोसळत असताना डोंगराखाली थांबू नये आणि उघडीप झाली की जरा हायसं वाटावं. तळिये आणि इर्शाळवाडी, दोन्ही जुलैच्या मुसळधारेतच गेल्या. बर्फात वादळ चालू असताना धोका असतोच, पण माणसं तेव्हा तंबूत असतात. बरेच बळी जातात ते वादळानंतरच्या पहिल्या निळ्याशार दिवशी. पश्चिमी विक्षोभ, म्हणजे हिवाळ्यात पश्चिमेकडून येणारं वादळ, दोन-तीन दिवस बर्फ टाकून निघून जातो, सकाळी लख्ख ऊन पडतं आणि सगळे एकदम बाहेर पडतात. नवा थर अजून खालच्याला नीट चिकटलेला नसतो. चोवीस तासांत ३० सेंटिमीटर किंवा जास्त बर्फ पडला असेल तर पुढचे किमान दोन दिवस ३० अंशांच्या वरच्या कुठल्याही उतारावर किंवा त्याच्या खाली जायचं नाही. परतीची मंगला एक्सप्रेस ठरलेली असते, म्हणून लोक तिसऱ्या दिवसाची वाट बघत नाहीत. वेळापत्रकात दोन दिवस रिकामे ठेवले नसतील तर बाकीचं नियोजन कितीही चांगलं असलं तरी उपयोग नाही.

वाऱ्याचं वेगळं सांगावं लागतं. आकाशातून एक कणही न पडता वारा एका बाजूचा बर्फ खरवडून दुसऱ्या बाजूला टाकतो, आणि तो साठायचा वेग हिमवर्षावाच्या कितीतरी पट असू शकतो, दहापटही. हा बर्फ बारीक तुटलेल्या कणांचा असल्याने घट्ट बसतो, पाय टाकला की ढोल वाजल्यासारखा पोकळ वाटतो. बर्फावर लाटांसारख्या रेघा किंवा खडकाच्या एका अंगाला साठलेली शेपटी दिसली की वारा कुठून कुठे गेला ते कळतं. वाऱ्याआडच्या उतारावर जाऊ नका.

आता मुळात सुटतं काय, ते समजलं की वरचे नियम पाठ करावे लागत नाहीत. जीवघेणी स्खलनं बहुतेक स्लॅबची असतात. तीन गोष्टी एकावर एक लागतात: वर एकसंध, जरा कडक थर, त्याखाली एक कमकुवत थर, आणि त्याखाली घसरायला पृष्ठभाग. माणूस वरून गेला की त्याच्या वजनाने कमकुवत थर एका जागी चिरडतो, ती तडा सेकंदाच्या आत शेकडो फूट पसरते आणि वरचा अख्खा पत्रा सुटतो. १० मीटर लांब, १० मीटर रुंद आणि अर्धा मीटर जाड असा साधा तुकडाही १० टनांच्या घरात जातो. त्यात अडकणाऱ्याने किंवा त्याच्याच गटातल्या कुणीतरी तो सोडवलेला असतो, हे बहुतेक घटनांमध्ये खरं आहे. दरडीत आपला दोष नसतो. इथे बहुतेक वेळा असतो, आणि म्हणूनच ते टाळताही येतं.

कमकुवत थर कसा होतो हे बघा. जमिनीलगत बर्फाचं तापमान साधारण शून्याला असतं. बर्फ फक्त ५० सेंटिमीटर जाड आहे आणि निरभ्र रात्री त्याचा पृष्ठभाग उणे १५ला गेला, तर दर १० सेंटिमीटरमागे ३ अंशांचा फरक पडतो. दर १० सेंटिमीटरला १ अंशापेक्षा जास्त फरक असला की बर्फाच्या आत वाफ वर सरकते आणि कणांचे सुटे, कोनदार, जाड साखरेसारखे दाणे होत जातात. मुठीत दाबले तरी त्यांचा गोळा होत नाही. त्यामुळे पातळ बर्फ आणि कडाक्याची थंडी म्हणजे धोका कमी, हा समज उलटा आहे. असा पाया डिसेंबरात तयार झाला की त्यावर जानेवारी-फेब्रुवारीचा बर्फ पडतो आणि तो आठवडेच्या आठवडे सुटायच्या बेतात राहतो. उत्तरेकडे तोंड असलेल्या सावलीच्या उतारांवर तो जास्त काळ टिकतो. दक्षिणेकडचे उतार उन्हाने लवकर सावरतात, पण दुपारी ओले होऊन वेगळ्याच तऱ्हेने सुटतात. त्या बाजूला जायचं तर पहाटे जा आणि ऊन चढायच्या आत बाहेर या.

मनालीत बसून हे अगदी जवळ दिसतं. सोलंगच्या बाजूला पीर पंजालचा बर्फ भरपूर आणि दमट. अटल बोगद्यातून ९ किलोमीटर गेलं की लाहौलचा बर्फ त्या मानाने कोरडा, थंड, आणि पाया कमकुवत राहण्याची शक्यता जास्त. आदल्या दिवशी सोलंगच्या वर उतार घट्ट लागला म्हणून दुसऱ्या दिवशी बोगद्यापलीकडे तोच अंदाज लावायचा नाही. आणि सोलंगच्या वरची धुंडीची दरी तुम्ही नकाशावर बघून ठेवलीच असेल: दोन्ही बाजूंचे स्खलनमार्ग दरीच्या तळापर्यंत येतात. अटल बोगद्याच्या दक्षिण तोंडाकडच्या रस्त्याला उगाच हिमस्खलनरोधक बांधकामं केलेली नाहीत.

चालताना चार गोष्टी दिसल्या की त्या दिवशीचा बेत तिथेच बदलायचा. त्याच दिशेच्या उतारावर ताजं स्खलन. पायाखाली 'व्हुम्फ' असा दबका आवाज होऊन बर्फ खाली बसणं. पायाजवळून पुढे पळत गेलेल्या भेगा. आणि तापमान अचानक चढणं किंवा बर्फावर पाऊस. यातली एक पुरते, दुसरीची वाट बघायची नाही.

खड्डा खणून करायची चाचणी शिका, पण तिला डोक्यावर बसवू नका. मागून आणि बाजूंनी मोकळा केलेला ९० सेंटिमीटर रुंद, उताराच्या दिशेने ३० सेंटिमीटर आत गेलेला बर्फाचा खांब घ्या. एका टोकाला फावडं आडवं ठेवून मनगटातून १०, कोपरातून १० आणि खांद्यातून १० असे ठोके द्या. ज्या ठोक्याला तडा सुरू झाली त्याच ठोक्यात किंवा लगेच पुढच्या ठोक्यात ती पूर्ण खांबभर गेली तर उतार सोडा. तडा गेली नाही तर मात्र उतार सुरक्षित ठरत नाही, कारण वीस मीटरवर बर्फ वेगळा असू शकतो. ही चाचणी फक्त 'नको' म्हणायला वापरायची.

रोजच्या धोक्याची सूचना डीजीआरई ही डीआरडीओची संस्था देते. पूर्वी मनालीत सासे म्हणून बर्फ आणि हिमस्खलनाचा अभ्यास करणारी संस्था होती तीच, २०२०मध्ये दुसऱ्या प्रयोगशाळेत मिसळून डीजीआरई झाली. सूचना जिल्हावार आणि ठरावीक उंचीच्या वरच्या भागासाठी असते, म्हणजे तुमच्या समोरच्या उताराबद्दल ती काहीच सांगत नाही. पाच पातळ्यांच्या मोजपट्टीवर तिसरी पातळी वाचून लोक 'मध्येच आहे' म्हणून निघतात, आणि जगभर मोठ्या संख्येने मृत्यू होतात ते याच पातळीच्या दिवशी. तुमच्या अनुभवाच्या गटासाठी तीन म्हणजे दाट जंगल आणि ३०च्या आतले, वर काहीही न लटकणारे उतार. चार-पाच म्हणजे गावात थांबणं.

संशयाचा उतार ओलांडायचाच असेल तर एका वेळी एकच माणूस, बाकीचे खडकाच्या किंवा सोंडेच्या आडोशाला, नजर त्याच्यावर. काठ्यांचे पट्टे मनगटातून काढलेले. आठ जणांची रांग एकामागोमाग उतारावर नको. चालणाऱ्यांचे दोन गट करा, पण एकमेकांच्या हाकेच्या अंतरात, कारण खणायला माणसं लागतात.

आता सामान. हो, लागतं, आणि तिन्ही वस्तू प्रत्येकाकडे: ट्रान्सीव्हर म्हणजेच बीकन, प्रोब म्हणजे बर्फात खुपसून माणूस चाचपायची घडीची लांब काठी, आणि फावडं. बीकन ४५७ किलोहर्ट्झवर चालणारं, तीन अँटेनांचं डिजिटल. जुनी एका अँटेनाची सेकंडहँड मिळतात, घेऊ नका. प्रोब किमान २४० सेंटिमीटर. फावडं धातूचं, दांडा लांब होणारं. प्लास्टिकचं फावडं स्खलनाच्या ढिगाऱ्यावर वाकतं, कारण थांबल्यावर तो बर्फ घट्ट होतो. मोबाइलवरची अ‍ॅप्स बीकनची जागा घेत नाहीत. उलट फोन बीकनच्या जवळ ठेवला तर गोंधळ करतो: पाठवताना किमान २० सेंटिमीटर आणि शोधताना ५० सेंटिमीटर लांब. बीकन जॅकेटच्या आत, छातीवर पट्ट्याने, सॅकमध्ये कधीच नाही. निघताना रोज एकाने पुढे उभं राहायचं आणि बाकीच्यांनी एकेक करून त्याच्यासमोरून जायचं. प्रत्येकाचा सिग्नल येतो का, हे असं बघितलं जातं.

एवढी घाई कशासाठी, ते आकड्यांवरून कळतं. पूर्ण गाडला गेलेला माणूस पहिल्या १० मिनिटांत बाहेर काढला तर दहातले नऊ जगतात. अर्ध्या तासाने हे प्रमाण साधारण तिसऱ्या हिश्श्यावर येतं. बहुतेक गुदमरून जातात. मनालीहून मदत निघून पोचेपर्यंतचा वेळ तुम्हीच मोजा. वाचवणारे तुमच्यातलेच सात जण असतात.

क्रम असा. कुठे दिसेनासा झाला ती जागा डोळ्याने पक्की करा. दुसरं स्खलन येईल का ते बघा. सगळ्यांची बीकनं 'शोध'वर. एकाचं जरी 'पाठव'वर राहिलं तर सगळे त्याच्याच मागे लागतात. साधारण ४० मीटर रुंदीच्या पट्ट्यांत वेगाने खाली या, वर पडलेलं सामान ओढून पाहा. सिग्नल मिळाला की बाणाप्रमाणे धावत, ३ मीटरच्या आत आलात की बीकन बर्फाला टेकवून हळू, सर्वांत कमी आकडा सापडेपर्यंत आडवं-उभं सरकवा. तिथून उताराला काटकोनात प्रोब, दर २५ सेंटिमीटरला, गोलाकार बाहेर जात. लागला की प्रोब तिथेच राहू द्या. खणायचं ते प्रोबजवळ उभं राहून नाही. खोलीच्या दीडपट अंतर उताराखाली जाऊन, एकाने तोडायचं आणि मागच्यांनी वल्हं मारल्यासारखं मागे लोटायचं. सरळ खाली खणलं तर तुम्हीच त्याच्या श्वासाची जागा तुडवता. मीटरभर खोलीसाठीही टनभर बर्फ हलवावा लागतो. आधी तोंड आणि छाती मोकळी करा. श्वास नसेल तर आधी पाच श्वास द्या, मग छातीवर दाब, कारण मूळ त्रास ऑक्सिजनचा असतो.

गाडला जाणारा तुम्हीच असाल तर ओरडा, काठ्या टाका, सरकणाऱ्या पत्र्यावरून बाजूला निघता आलं तर निघा. वेग कमी होतोय असं वाटलं की कोपर तोंडासमोर आणा. बर्फ थांबल्यावर बोटही हलत नाही, त्यामुळे हे आधीच करायचं.

शिकायचं कुठे? मनालीची अटल बिहारी वाजपेयी संस्था आणि उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था, दोन्हींचा साधारण चार आठवड्यांचा बेसिक कोर्स बर्फावर पाय कसा टाकायचा ते शिकवतो. पण कोर्स म्हणजे कवच नव्हे: ४ ऑक्टोबर २०२२ला द्रौपदी का डांडा-२ या शिखरावर हिमस्खलनात सापडलेली तुकडी प्रगत कोर्सचीच होती, आणि तो महिना हिवाळ्याचाही नव्हता. गटातल्या दोघांनी तरी कोर्स केलेला नसेल आणि आठांकडे बीकन नसेल तर माझं मत सरळ आहे. या फेब्रुवारीत स्थानिक जाणता माणूस बरोबर घ्या, जंगलाच्या वर जाऊ नका.

सराव मात्र कोकणात उत्तम होतो. डिसेंबर-जानेवारीत गुहागर किंवा कर्द्याच्या पुळणीवर जा, पण भरतीच्या रेघेच्या वर, सुरूच्या बनाकडच्या कोरड्या वाळूत. खारट पाणी ४५७ किलोहर्ट्झचा सिग्नल फार लवकर गिळतं, ओल्या वाळूत पुरलेलं बीकन भलत्याच आकड्यांचं दिसतं आणि तुम्ही चुकीचं शिकता. बीकन चालू करून दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत, मग झाकणाच्या डब्यात, अर्धा मीटर खोल पुरा. पुरणाऱ्याने खूण ठेवायची, शोधणाऱ्यांनी पाठ फिरवायची. विजेच्या तारांपासून लांब. पहिल्यांदा वेळ कितीही लागो, सिग्नल मिळाल्यापासून डबा हाती येईपर्यंत ५ मिनिटांच्या आत आल्याशिवाय सराव थांबवू नका. मग दोन बीकनं पुरा.

प्रोब वाळूत घालू नका, वाकेल. त्यासाठी कुणाच्या तरी खळ्यातली भाताच्या पेंढ्याची उडवी चांगली. मालकाला विचारून आत भाताचं पोतं सरकवा आणि लाकूड, दगड, जमीन, पोतं यांचा हाताला लागणारा फरक ओळखायला शिका. पोतं दाबल्यावर किंचित मागे ढकलतं, माणूसही तसाच लागतो. फावड्याचा सराव मात्र ओल्या वाळूत करा, कोरडी वाळू फार दयाळू असते. चौघांनी फावडं आळीपाळीने घ्यायचं, दर मिनिटाला पुढचा मागे.

घरी आल्यावर प्रोबचे सांधे गोड्या पाण्याने धुऊन वाळवा, नाहीतर आतली दोरी खाऱ्या हवेत कुजते. बीकनच्या बॅटऱ्या काढून ठेवा. आपल्या दमट हवेत पावसाळाभर आत राहिलेली अल्कलाइन बॅटरी गळते आणि संपर्काच्या पट्ट्या हिरव्या पडतात. निघताना नव्या अल्कलाइनच घाला, चार्ज होणाऱ्या नकोत. त्यांचा टक्का बीकन खोटा दाखवतं, आणि त्या एकदम बसतात.